आधी खरवडणं, मग रंग: जुने पीसी गेम नव्या कॉम्प्युटरवर चांगले दिसावेत म्हणून

२००६ साली सांगलीतल्या आमच्या घरी असेंबल केलेला कॉम्प्युटर होता. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेण्याइतके पैसे नव्हते, त्यामुळे मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सवरच भागवायचं. दादा आणि मी ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ खेळायचो ते ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या रेझोल्यूशनवर, झाडून सगळ्या सेटिंग्ज तळाला नेऊन. गाडी म्हणजे रंगीत ठोकळा आणि रस्ता म्हणजे राखाडी पट्टा. तरी पोलीस मागे लागले की श्वास अडकायचा.

गेल्या दिवाळीत दादाने विचारलं, “तो गेम आता लागेल का गं?” मी त्याच्या लॅपटॉपवर लावून दिला. दहाएक मिनिटांनी त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, “अगं, ही झाडं लाल आहेत. इथे पानगळ चालू आहे.” त्या शहरात आम्ही दोन वर्षं गाड्या पळवल्या, पण ऋतू कोणता हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे गेम सायबर कॅफेत किंवा घरच्या कमकुवत मशीनवर खेळले. ते जसे बनवले होते तसे आपण पाहिलेच नाहीत. म्हणून ‘ग्राफिक्स सुधारणं’ याचा पहिला अर्थ माझ्या मते एवढाच: जे मुळात तिथे आहे ते नीट दिसू देणं. नवीन काही चढवायचं ते त्यानंतर, आणि जपून. घराला रंग देणारा कारागीर आधी भिंत खरवडतो, भेगांत लांबी भरतो आणि मग ब्रश हातात घेतो. इथेही क्रम तोच आहे. नवखे लोक बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. पहिल्याच दिवशी मोठालं टेक्स्चर पॅक (वस्तूंवर चिकटवायच्या नव्या चित्रांचा संच) टाकतात, गेम बंद पडतो आणि नाद सोडून देतात.

एक खुलासा. फाइलींची आणि मेनूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं आत्ताच करून ठेवा. पुढे डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारा जोडकोड), आयएनआय (सेटिंग्जची साधी टेक्स्ट फाइल) आणि ईएक्सई (गेम सुरू करणारी फाइल) यांच्याशी सतत काम पडणार आहे.

पायरी पहिली: गेम कुठे ठेवायचा

गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवू नका. डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं साधं फोल्डर करा आणि त्यात इन्स्टॉल करा. विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’ला संरक्षण आहे. जुने गेम मात्र आपल्या सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात. अशा वेळी विंडोज ती फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या दुसऱ्या जागी वळवतं. तुम्ही एक आयएनआय फाइल बदलत बसता आणि गेम भलतीच वाचत असतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

सीडीवरून इन्स्टॉल करणार असाल तर आणखी एक अडथळा येतो. त्या काळच्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण असायचं आणि त्यासाठी एक खास ड्रायव्हर लागायचा. सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये त्याला जागाच ठेवली नाही. त्यामुळे अस्सल, विकत घेतलेली सीडीसुद्धा चालत नाही. अशा वेळी तो गेम जीओजी किंवा स्टीम या ऑनलाइन दुकानांत मिळतो का ते पाहा. जीओजी हे दुकान २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावानेच सुरू झालं आणि तिथले गेम अशा कुलपांशिवाय येतात. सेल लागला की काही शे रुपयांत काम होतं, आणि कुठलीतरी क्रॅक केलेली फाइल शोधत व्हायरस घरात आणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मग गेमचा शेवटचा अधिकृत पॅच, म्हणजे कंपनीने काढलेली दुरुस्ती, टाका. मोस्ट वाँटेडसाठी तो १.३ आहे आणि पुढची साधनं हीच आवृत्ती मागतात. पॅच टाकून झाल्यावर काहीही न बदलता गेम एकदा चालवून पाहा. चालला की अख्ख्या फोल्डरची एक प्रत बाजूला काढा. हे गेम ३–५ जीबीचे असतात, जागेची चिंता नको. ही कोरी प्रत हाताशी असली की पुढे काहीही बिघडलं तरी घाबरायचं कारण उरत नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी: तुमच्या मशीनमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर जुना गेम हमखास कमकुवत चिपवर सुरू होतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा, गेमची ईएक्सई फाइल यादीत घाला आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. विंडोजमध्ये अक्षरं १२५ किंवा १५० टक्के मोठी करून ठेवली असतील, तर गेमचा पडदा कडेने कापला जातो किंवा धुरकट दिसतो. ईएक्सईवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ इथे ओव्हरराइड चालू करा आणि खाली ‘ॲप्लिकेशन’ निवडा.

पायरी दुसरी: गेम कोणत्या भाषेत बोलतो ते ओळखा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढी लक्षात ठेवा.

गेम थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलत नाही. मध्ये एक दुभाषा असतो. विंडोजवर तो बहुतेक वेळा डायरेक्टएक्स असतो. याच्या आवृत्त्या बदलत गेल्या आणि नव्या विंडोजला जुन्या बोली नीट येत नाहीत. १९९७ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’ आणि १९९९ चा दुसरा भाग डायरेक्टड्रॉ वापरतात. जीटीए मालिकेतला ‘व्हाइस सिटी’, ‘मॅक्स पेन’ आणि पहिला ‘स्प्लिंटर सेल’ डायरेक्टएक्स ८ वापरतात. जीटीएचाच ‘सॅन अँड्रियास’ आणि मोस्ट वाँटेड ९ वापरतात. त्याआधी व्हूडू कार्डांची ग्लाइड नावाची वेगळीच बोली होती. ती बनवणाऱ्या थ्रीडीएफएक्सची मालमत्ता २००० च्या शेवटी एनव्हिडियाने घेतली आणि ग्लाइड मागे पडली. तुमचा गेम कशात मोडतो ते पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर त्या गेमच्या पानावर खाली तक्त्यात दिलेलं असतं. कुठल्याही जुन्या गेमला हात लावण्याआधी ते पान वाचायचंच.

गेम ९ वापरत असेल, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. ८ किंवा त्याआधीचा असेल तर मध्ये नवा दुभाषा बसवायचा. याला रॅपर म्हणतात. युक्ती सोपी आहे: गेमला एखादी डीएलएल हवी असली की विंडोज ती आधी गेमच्याच फोल्डरमध्ये शोधतं आणि मग स्वतःच्या. आपण त्याच नावाची दुसरी डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवतो. ती जुनी बोली ऐकते आणि आजच्या कार्डाला कळेल अशा भाषेत पुढे सांगते.

२डी गेमसाठी सीएनसी-डीड्रॉ उत्तम आहे. विंडोज ७ च्या काळात एज ऑफ एम्पायर्समधलं पाणी जांभळं आणि गवत लाल दिसायचं, आठवतं? गेम २५६ रंगांची पाटी वापरायचा आणि डेस्कटॉप तीच पाटी मध्येच बदलून टाकायचा. लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायचे. सीएनसी-डीड्रॉच्या फाइली फोल्डरमध्ये टाकल्या की हा त्रास संपतो.

३डी गेमसाठी डीजीव्हूडू २ घ्या. कृती अशी:

१. झिप उघडा. त्यात ‘एमएस’ नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘एक्स८६’. जुने गेम ३२ बिटचे असतात, म्हणून डीएलएल तिथूनच घ्यायच्या.
२. गेम डायरेक्टएक्स ८ वापरत असेल तर डी३डी८.डीएलएल ईएक्सईच्या शेजारी ठेवा. त्याहून जुना असेल तर डीड्रॉ.डीएलएल आणि डी३डीआयएमएम.डीएलएल.
३. डीजीव्हूडूसीपीएल.ईएक्सई हीसुद्धा त्याच फोल्डरमध्ये आणा आणि तिथूनच चालवा. ती दुसरीकडून चालवली तर सेटिंग्ज भलत्याच जागी साठतात.
४. डायरेक्टएक्सच्या टॅबमध्ये रेझोल्यूशन, फिल्टरिंग आणि अँटिअलायसिंग मिळेल (यांचा अर्थ चौथ्या पायरीत येईल). सुरुवातीला सगळं ‘ॲप कंट्रोल्ड’च ठेवा.
५. गेम चालवा. कोपऱ्यात डीजीव्हूडूचं चिन्ह दिसलं म्हणजे दुभाषा कामाला लागला. एकदा खात्री झाली की त्याच टॅबमधून वॉटरमार्क बंद करा.

याने काय साधतं ते पाहायचं असेल तर स्प्लिंटर सेल लावून बघा. तो पूर्ण गेम अंधारात लपण्याचा. त्याच्या सावल्या त्या काळच्या जीफोर्स ३ आणि ४ कार्डांच्या एका विशिष्ट सोयीवर बेतलेल्या होत्या. पुढच्या कार्डांनी ती सोय सोडून दिली. त्यामुळे आज तो गेम नुसता लावला तर जाळीतून पडणारा उजेड आणि त्याची सावली दोन्ही बिघडतात, आणि लपायचं कुठे तेच समजत नाही. डीजीव्हूडू बसवल्याबरोबर पडद्यांच्या आणि खिडक्यांच्या सावल्या भिंतीवर परत येतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ एका खिडकीपाशीच उभी होते.

डायरेक्टएक्स ९ चा गेम नव्या मशीनवर अडखळत असेल तर डीएक्सव्हीके करून पाहा. तो ते काम वल्कन या नव्या बोलीकडे वळवतो. मुळात तो लिनक्सवर विंडोजचे गेम चालवण्यासाठी बनला, पण विंडोजवरही चालतो. इंटेलच्या आर्क कार्डांना डायरेक्टएक्स ९ मुळातून येतच नाही, ती भाषांतरावरच चालतात, आणि पुढे इंटेलने स्वतःच्या ड्रायव्हरमध्येही डीएक्सव्हीकेचा आधार घेतला.

एक इशारा: या डीएलएल त्या-त्या प्रकल्पाच्या मूळ पानावरूनच घ्या. ‘फुकट डीएलएल डाउनलोड’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवरून एकही फाइल घेऊ नका. आणि दुसऱ्यांबरोबर ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये अशा फाइली टाकू नका, फसवणूक पकडणारी यंत्रणा तुमचं खातं बंद करू शकते.

पायरी तिसरी: रुंद पडदा

तेव्हाचे मॉनिटर ४:३ होते, आजचे १६:९. जुना गेम थेट पसरवला तर प्रत्येक गोष्ट आडवी ३३ टक्के फुगते. माणसं बुटकी दिसतात, गाड्या चपट्या. तपासायला सोपी खूण आहे: स्पीडोमीटर किंवा कोपऱ्यातला नकाशा गोल दिसतो की अंड्यासारखा? अंड्यासारखा दिसत असेल तर काम बाकी आहे. काही गेम याच्या उलट करतात, रुंदी देतात पण वरची-खालची पट्टी कापतात. मग कॅमेरा नाकाशी आल्यासारखा वाटतो.

मोस्ट वाँटेडच्या मेनूमध्ये रुंद रेझोल्यूशन नाहीच. इथे ‘थर्टीन एजी’ या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरचा वाइडस्क्रीन फिक्स लागतो. त्याने असे फिक्स डझनावारी गेमसाठी फुकट उपलब्ध करून दिले आहेत. मोस्ट वाँटेडची झिप उतरवून घ्या, डीइनपुट८.डीएलएल आणि ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डर हे दोन्ही स्पीड.ईएक्सईच्या शेजारी ठेवा. एवढंच. गेम तुमच्या मॉनिटरचं रेझोल्यूशन स्वतः ओळखतो. ‘स्क्रिप्ट्स’मधली आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक ओळीपुढे तिचा अर्थ लिहिलेला सापडेल. सावल्यांचं रेझोल्यूशनही तिथून वाढवता येतं.

सॅन अँड्रियास आणि व्हाइस सिटीसाठी याच प्रोग्रॅमरचे फिक्स आहेत, पण त्यांच्यासोबत सायलेंटपॅच नक्की घ्या. नव्या विंडोजवर माउस मध्येच मरणं, सेटिंग्ज विसरणं आणि असंख्य बारीक चुका तो दुरुस्त करतो. सॅन अँड्रियासच्या बहुतेक मॉडना (चाहत्यांनी केलेल्या बदलांना) १.० ही पहिली आवृत्ती लागते. तुमची स्टीमची असेल तर आधी ती खाली आणावी लागेल. त्यासाठी ‘डाउनग्रेडर’ नावाची साधनं मिळतात.

फिक्स सापडत नसेल, तर ४:३ मध्येच खेळा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये स्केलिंगखाली ‘आस्पेक्ट रेशो’ निवडलं की झालं. फुगलेल्या चित्रापेक्षा प्रमाणात असलेलं छोटं चित्र केव्हाही चांगलं. एज ऑफ एम्पायर्ससारख्या गेमना तर ‘इंटीजर स्केलिंग’ शोभतं. त्यात एका ठिपक्याचे बरोबर चार किंवा नऊ ठिपके होतात आणि चित्र धुरकटत नाही.

पायरी चौथी: धार

इथे फुकटात सर्वांत जास्त पदरात पडतं.

पहिली गोष्ट ॲनायसोट्रॉपिक फिल्टरिंग. जुन्या रेसिंग गेममध्ये गाडीच्या चार हात पुढेच रस्ता पिठासारखा धुरकट होतो, पांढरे पट्टे विरघळतात. तिरक्या कोनातून दिसणाऱ्या पृष्ठभागाचं चित्र कार्ड स्वस्तात काढतं म्हणून असं होतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’, त्यात ‘प्रोग्रॅम सेटिंग्ज’, तिथे स्पीड.ईएक्सई घाला आणि हे फिल्टरिंग १६एक्स करा. एएमडीच्या ॲड्रेनालिनमध्ये आणि इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच सोय आहे. डीजीव्हूडू वापरत असाल तर तिथूनच करा. आजच्या कुठल्याही चिपवर याचा भार जवळजवळ शून्य आहे. एकच बदल करायला वेळ असेल तर हाच करा.

दुसरी गोष्ट कडांवरच्या पायऱ्या. त्यासाठी अँटिअलायसिंग असतं, पण ते जाळ्या, कुंपणं, झाडांची पानं यांच्यावर बहुधा काम करत नाही, कारण ती पारदर्शक भोकं असलेल्या सपाट चित्रांची बनलेली असतात. तिथे जास्त रेझोल्यूशनमध्ये चित्र काढून मग ते लहान करणं हाच खात्रीचा उपाय. एनव्हिडियात याला डीएसआर म्हणतात, एएमडीत व्हर्च्युअल सुपर रेझोल्यूशन. १०८० चा मॉनिटर असेल तर ४एक्स निवडा, स्मूदनेस शून्यावर आणा आणि गेमला ३८४० बाय २१६० सांगा.

हे आकडे जरा मांडून बघा. ६४० बाय ४८० म्हणजे ३ लाख ७ हजार २०० ठिपके. ३८४० बाय २१६० म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००, बरोबर सत्तावीसपट. दादा आणि मी ज्या चित्राकडे पाहून गाडी हाकायचो त्याच्या २७ पट तपशील. मध्यम किमतीचं आजचं ग्राफिक्स कार्ड २००५ च्या गेमसाठी हे सहज करतं. वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर डीएसआरच्या नादी लागू नका, १०८०, १६एक्स फिल्टरिंग आणि साधं अँटिअलायसिंग एवढ्यानेही चेहरामोहरा बदलतो.

आणि गेमच्या स्वतःच्या सेटिंग्ज सगळ्या वर नेल्या का? हे लिहायची गरज वाटू नये, पण लोक विसरतात. मोस्ट वाँटेडमध्ये ‘व्हिज्युअल ट्रीटमेंट’ हाय करा, ‘वर्ल्ड डिटेल’ आणि गाडीवरची प्रतिबिंबं पूर्ण वर न्या. दादाला दिसलेलं ते पिवळसर-सोनेरी ऊन तिथूनच येतं.

पायरी पाचवी: फ्रेम किती असाव्यात

इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला म्हणून प्रत्येक गेम सेकंदाला १४४ फ्रेमवर, म्हणजे १४४ चित्रांवर, चालवायचा नसतो.

त्या काळच्या अनेक गेममध्ये हालचालींचं गणित फ्रेमच्या मोजणीला बांधलेलं आहे. सॅन अँड्रियास साधारण तीस फ्रेमच्या हिशेबाने बनवला होता. मेनूमधला ‘फ्रेम लिमिटर’ बंद केला की चित्र गुळगुळीत होतं खरं, पण पोहताना गेमचा नायक सीजे जागेवरच हातपाय मारत राहतो. मिशन अडकतं आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून पीसीगेमिंगविकीवर त्या गेमची मर्यादा पाहा आणि तेवढ्यावर थांबा.

दुसऱ्या टोकाला असे गेम आहेत ज्यांना लगामच नाही. साधा मेनू दाखवताना ते हजारो फ्रेम ओततात, पंखा बोंबलतो, लॅपटॉप तापतो. दोन्हींवर इलाज एकच: रिवाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर. त्यात गेमची ईएक्सई घालून ‘फ्रेमरेट लिमिट’मध्ये आकडा लिहा. ३० असो, ६० असो, प्रत्येक फ्रेममधलं अंतर तो इतकं सारखं ठेवतो की तीसही डोळ्याला खुपत नाही.

असल्या लपलेल्या हिशेबांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर सॅन अँड्रियासमधलं स्किमर नावाचं पाण्यावरचं विमान दिसेनासं झालं. ते मुद्दाम बोलावून त्यात बसलं तर सीजे आकाशात कुठल्या कुठे फेकला जायचा. सगळे विंडोजला दोष देत होते. सायलेंटपॅच बनवणाऱ्या प्रोग्रॅमरने २०२५ मध्ये मुळापर्यंत जाऊन शोध घेतला. व्हाइस सिटीत स्किमर बोट म्हणून नोंदलेलं होतं, सॅन अँड्रियासमध्ये ते विमान झालं, पण माहितीच्या फाइलीत त्याच्या चाकांचं माप लिहायचं राहिलं. गेम ती रिकामी जागा तपासत नव्हता. त्याआधी वाचलेल्या वाहनाचा आकडा मेमरीत पडून असायचा, तोच उचलला जायचा आणि वीस वर्षं सगळं सुरळीत चाललं. नव्या विंडोजने मेमरीचा तो कोपरा वेगळ्या कामाला घेतला आणि जुनी चूक उघडी पडली. म्हणूनच मी म्हणते, रंगाआधी भिंत.

पायरी सहावी: नवे टेक्स्चर

आता ब्रश हातात घ्यायला हरकत नाही.

टेक्स्चर म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रं. जुन्या गेममध्ये ती २५६ किंवा ५१२ ठिपक्यांची असतात. सुधारित पॅक दोन प्रकारचे येतात: कुणीतरी हाताने नव्याने केलेले, आणि एआयने मोठे केलेले. २०१८ मध्ये ईएसआरगॅन नावाची पद्धत आली तेव्हापासून दुसऱ्या प्रकाराचा पूर आला. विटा, डांबर, गवत, लाकूड यावर ती छान चालते. चेहरे आणि अक्षरं यांच्यावर मात्र ती अंदाज बांधते आणि चुकते. पाट्यांवरची अक्षरं अगम्य होतात, माणसं मेणाची दिसतात. पॅक निवडताना दुकानांच्या पाट्यांचे आणि पात्रांच्या चेहऱ्यांचे फोटो आधी बघा. तेवढ्यावरून बनवणाऱ्याने हात किती फिरवला ते कळतं.

मोठे पॅक टाकायच्या आधी ईएक्सईला जादा मेमरी वापरायची परवानगी द्या. ३२ बिटचा प्रोग्रॅम एरवी २ जीबीच्या पुढे जात नाही आणि तिथे पोहोचला की कुठलीही सूचना न देता बंद पडतो. ‘४ जीबी पॅच’ नावाचं छोटं साधन ईएक्सईमधली एक खूण बदलतं आणि ६४ बिट विंडोजवर ही मर्यादा ४ जीबी होते.

सॅन अँड्रियाससाठी मॉड लोडर वापरा. मूळ फाइलींवर लिहू नका. ‘मॉडलोडर’ या फोल्डरमध्ये प्रत्येक मॉडचं स्वतंत्र उपफोल्डर ठेवायचं. नको असेल ते काढून टाकलं की गेम होता तसा. आणि या गेमसाठी माझं आवडतं मॉड म्हणजे स्कायजीएफएक्स. ते नवीन काही आणत नाही. प्लेस्टेशन २ वर असलेले आणि पीसीवर येताना हरवलेले रंग, नारिंगी संध्याकाळ, उन्हाची झिलई, एवढंच परत देतं.

याच्या नेमकं उलट काय होतं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. तिन्ही जुन्या जीटीएंची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली, तीत सॅन अँड्रियासचं धुकं काढून टाकलेलं होतं. त्या धुक्याने लांबचं झाकलं जायचं, म्हणून शहरं एकमेकांपासून दूर वाटायची, राज्य अफाट वाटायचं. धुकं गेल्यावर डोंगरावरून अख्खा नकाशा तळहातावर आल्यासारखा दिसू लागला. कंपनीला माफी मागावी लागली आणि जुन्या धाटणीचा प्रकाश २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटने परत आला. तुमच्या गेममध्ये ‘ड्रॉ डिस्टन्स’ (किती लांबपर्यंतचं दिसावं ते) वाढवणारं मॉड टाकताना हे आठवा. थोडं वाढवा, पण धुकं राहू द्या.

पायरी सातवी: रिशेड, चिमूटभर

रिशेड गेमच्या तयार चित्रावर शेवटचा हात फिरवतो. इन्स्टॉलर चालवा, ईएक्सई दाखवा आणि बोली निवडा: मोस्ट वाँटेडसाठी डायरेक्टएक्स ९. मध्ये डीजीव्हूडू बसवला असेल तर मात्र ९ नव्हे, १०/११/१२ चा पर्याय, कारण कार्डापर्यंत जाताना बोली बदललेली असते. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. गेममध्ये ‘होम’ बटण दाबलं की त्याचा फलक उघडतो.

मी फक्त दोन गोष्टी चालू ठेवते. कडांसाठी एसएमएए आणि चित्राला धार देणारं अगदी हलकं लुमाशार्पन. वस्तूंच्या सांध्यांत सावली भरणारा एमएक्सएओ चांगला आहे, पण त्याला कोणती वस्तू किती लांब आहे याची माहिती लागते आणि त्यासाठी गेममधलं अँटिअलायसिंग बंद करावं लागतं. शिवाय ती सावली कधीकधी स्पीडोमीटरवरही उमटते. ब्लूम (उजेडाभोवतीची झळाळी), भडक रंग, लेन्सवरचे ठिपके हे फोटोत भारी दिसतं आणि अर्ध्या तासाने डोळे दुखतात. तपासायचं कसं? सगळं लावून दोन दिवस खेळा, मग एका बटणाने रिशेड बंद करा. बंद केल्यावर बरं वाटलं तर तुम्ही जास्त घातलं होतं.

एनव्हिडियाचं आरटीएक्स रीमिक्स जुन्या गेममध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं) आणतं. त्याने काय होऊ शकतं ते डिसेंबर २०२२ च्या ‘पोर्टल विथ आरटीएक्स’मध्ये दिसलं. पण त्याला दमदार कार्ड लागतं आणि प्रत्येक गेमवर भरपूर मेहनत, नवख्याने पहिल्या महिन्यात त्याकडे जाऊ नये.

काही गेमना मात्र यातलं काहीच लागत नाही. ‘डूम’चा मूळ कोड १९९७ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला, ‘क्वेक’चा १९९९ मध्ये. त्यावरून लोकांनी जीझेडडूम आणि व्हीकेक्वेकसारखी नवी इंजिनं, म्हणजे गेम चालवणारे प्रोग्रॅम, उभी केली. २००२ च्या ‘मोरोविंड’साठी ओपनएमडब्ल्यू आहे, ते इंजिन शून्यापासून लिहिलेलं. तुमच्या गेमच्या मूळ फाइली त्यात द्यायच्या आणि रुंद पडदा, फ्रेम, सावल्या सगळं आतूनच मिळतं. तुमच्या गेमचं असं इंजिन असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या सोडून तिथूनच सुरुवात करा.

बिघडलं तर, आणि जपून ठेवायला

एका वेळी एकच बदल करा, मग गेम चालवा, पाच मिनिटं खेळा, मग पुढचा. गेम उघडतच नसेल तर शेवटी टाकलेल्या डीएलएलचं नाव बदला, शेवटी ‘बंद’ जोडलंत तरी चालेल. विंडोजला ती सापडणार नाही आणि गेम आधीच्या अवस्थेत येईल. काळा पडदा आणि नुसता आवाज येत असेल तर बहुधा रेझोल्यूशन चुकलं आहे. सॅन अँड्रियास सुरूच होत नसेल तर डॉक्युमेंट्समध्ये ‘जीटीए सॅन अँड्रियास यूझर फाइल्स’ हे फोल्डर उघडा आणि त्यातली जीटीए_एसए.सेट ही फाइल उडवा, जुन्या सेटिंग्ज त्यात अडकलेल्या असतात.

सगळं मनासारखं झालं की त्या फोल्डरची आणखी एक प्रत घ्या आणि सेव्ह फाइली वेगळ्या जपा. मोस्ट वाँटेडच्या सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या ‘एनएफएस मोस्ट वाँटेड’ या फोल्डरमध्ये असतात, गेमच्या फोल्डरमध्ये नाहीत. नवा लॅपटॉप घेताना नेमक्या त्याच मागे राहतात. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कोणतं साधन, कोणती आवृत्ती, कोणत्या सेटिंग्ज, कधी टाकलं. दादाच्या लॅपटॉपवर ती मी ईएक्सईच्या शेजारीच ठेवली आहे. पुढचं विंडोज अपडेट येऊन गेम लागेनासा झाला तर मला फोन करण्याआधी ती उघड, असं त्याला सांगूनही ठेवलं आहे.